सड्यावरचा फुटबॉल: कॉलेजच्या सामन्यांचे दोन दिवस कसे पार पाडावेत

आमच्या सिंधुदुर्गात क्रिकेटचे सामने पावसाळा सोडला तर वर्षभर चालतात आणि त्यापायी कोणाच्या घरची चूल अडत नाही. फुटबॉलचे तसे नाही. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावरच्या, कॉलेजच्या मैदानात डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी निमंत्रित कॉलेजांचे सामने लागले, की खालच्या वाडीपासून बंदरापर्यंत साऱ्या गावाचे वेळापत्रक बदलते. कारण आठ संघ म्हणजे सव्वाशे-दीडशे तरुण पोटे गावात उतरतात आणि ती कोणाच्या ना कोणाच्या अंगणातच पंगतीला बसतात. माझे घर मैदानाच्या दक्षिणेकडच्या गोलामागे, एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अंतरावर आहे. एवढ्याच पात्रतेवर मला व्यवस्था समितीत घेण्यात आले. तेथे चुकतमाकत जे शिकलो, ते पुढे ही जबाबदारी अंगावर घेणाऱ्यांसाठी, आणि नुसते बघायला येणाऱ्यांसाठीही, लिहून ठेवत आहे.

तारीख धरताना

कॉलेजच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेले कॅलेंडर पाहून तारीख धरू नये. आधी पंचांग काढावे आणि गावातल्या दोन जुन्या माणसांना विचारावे. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि त्या एकामागून एक लागतात. प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार असतो आणि तो उजाडेपर्यंत चालतो. एका वर्षी आम्ही हा विचार केला नाही. शुक्रवारी रात्री शेजारच्या गावची जत्रा होती. मुक्कामाला आलेल्या एका संघातली पाच मुले ‘अर्ध्या तासात येतो’ असे सांगून गेली आणि पहाटे हातात खाज्याचे पुडे घेऊन परतली. आठ वाजता त्यांचा सामना होता. त्यांचा गोली पहिल्या वीस मिनिटांत तीन वेळा खांबाला टेकून उभा राहिलेला मी पाहिला, आणि चौथ्या वेळी तो उभ्या उभ्या झोपला असावा, कारण चेंडू त्याच्या शेजारून जाऊन जाळ्यात थांबला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. मुलांना जत्रेला जाऊ नका असे सांगून काही उपयोग होत नाही. ज्या आठवड्यात जवळपास जत्रा नाही तो आठवडा निवडणे एवढेच आपल्या हातात असते.

पंचांग दुसऱ्याही कारणासाठी लागते. मार्गशीर्षात अनेक घरांतून मासे-मटण बंद असते, आणि एरवीही शनिवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत. बाहेरून आलेल्या मुलांची समजूत अशी असते की कोकणात पाऊल ठेवताच ताटात सुरमई पडते. म्हणून निमंत्रणपत्रातच, आढेवेढे न घेता, शनिवारी शाकाहार आणि रविवारी अंतिम सामन्यानंतर मांसाहार असे लिहावे. मार्गशीर्ष असेल तर आचारी कोणत्या घरचा आहे हे पाहून मग लिहावे.

आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे सात सामने: शनिवारी चार, रविवारी तीन. पूर्ण ९० मिनिटांचा हट्ट धरला तर ते दोन दिवसांत बसतात, पण खेळणारे बसत नाहीत, आडवे होतात. स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद असेल आणि रेफ्री व दोन्ही संघ सामना सुरू होण्यापूर्वी मान्य असतील, तर दोन्ही अर्ध सारखेच कमी करता येतात. आम्ही ३०-३० मिनिटांचे अर्ध ठेवतो. सकाळी आठ आणि साडेनऊ, दुपारी तीन आणि साडेचार अशा वेळा धराव्यात. मधले ऊन सोडून द्यावे, कारण कातळावरचे अकरा ते तीनचे ऊन डिसेंबरातही डोक्यातून पायापर्यंत उतरते. आणि साडेचारनंतरचा सामना लावू नये, कारण सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सड्यावर दिव्यांची सोय नसते.

कोकण रेल्वेच्या भरवशावर पहिला सामना कोणालाही देऊ नये. रोह्याच्या पुढे वीरपर्यंतचा तुकडा सोडला तर हा मार्ग जवळजवळ सगळा एकेरी आहे, म्हणून समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी क्रॉसिंगला उभी राहते आणि आतली माणसे फलाटावर उतरून चहा पितात. लांबच्या संघाला साडेचारचा सामना द्यावा. तरीही कोणी अडकलेच तर घाबरण्याचे कारण नाही: सात खेळाडू हजर असले तर सामना सुरू करता येतो, आणि उरलेल्यांची नावे यादीत आधी दिलेली असली तर ते पोहोचल्यावर रेफ्रीच्या परवानगीने खेळू शकतात. एकदा चार मुले मध्यंतराला रिक्षातून थेट साइडलाइनवर उतरली होती. बूट त्यांनी रिक्षातच घातले होते. भाड्याचे पैसे मात्र अजून द्यायचे आहेत, असे तो रिक्षावाला दर वर्षी न चुकता सांगतो.

मैदान आखताना

हे काम क्रीडाशिक्षकावर सोपवून मोकळे होऊ नये, गवंड्याला बोलवावे. चिऱ्याचे बांधकाम करणाऱ्या माणसाला कोपरा गुण्यात आणणे हे रोजचे काम आहे. दोरीवर एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजून खुणा केल्या आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर भरले, की कोपरा काटकोनात आला. आम्ही पहिल्या वर्षी हे न करता नजरेने आखले, आणि मैदानाची एक बाजू दुसरीपेक्षा चार मीटर लांब भरली. पाहुण्या संघाच्या कप्तानाने विचारले तेव्हा आमच्या एका सभासदाने ‘सड्याला उतार आहे’ असे उत्तर दिले, जे खरे होते पण प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, म्हणजे सड्यावर जितकी सपाट जागा आहे तितकी घेता येते. गोलाचे माप मात्र ठरलेले आहे: दोन खांबांमधली आतली रुंदी ७.३२ मीटर आणि आडव्या दांड्याखालची उंची २.४४ मीटर. मोठ्या चौकटीसाठी प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या बाजूला १६.५ मीटर मोजावे आणि तितकेच मैदानात यावे. लहान चौकटीसाठी हेच माप ५.५ मीटर. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, आणि येथे एक सूचना अनुभवाची आहे: हे वर्तुळ काथ्याच्या सुंभाने आखू नये. सुंभ ताणला की लांबतो आणि सैल सोडला की आक्रसतो, त्यामुळे फक्की टाकणारा माणूस जसजसा दमत जातो तसतशी त्रिज्या कमी होत जाते. आमचे वर्तुळ एका वर्षी वांग्यासारखे झाले होते. होडीवर वापरतात ती नायलॉनची दोरी घ्यावी.

मैदान आखताना शक्य असेल तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे मावळतीचे ऊन कोणत्याच गोलीच्या डोळ्यांत थेट शिरत नाही. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारावे. तांबडी धूळ बसते, आणि पडणाऱ्याला थोडे कमी लागते. थोडेच, कारण पाण्याखाली जांभाच आहे. खरचटलेल्या गुडघ्यातून लाल खडी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पूर्ण निघेपर्यंत धुवावी. तिच्यावरच हळद दाबण्याची घाई करणाऱ्या मायेच्या बायकांना हाताला धरून दूर करावे, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले आहे ते विचारावे. पांढरा गणवेश घालून येणाऱ्या संघाला काही सांगू नये. ते स्वतःच बघतील.

जाळ्यासाठी बाजारात पैसे घालवण्याची गरज नाही. बंदरावर कोणाकडे तरी रापणीचे जुने जाळे पडलेले असते. ते मागायला समितीच्या अध्यक्षाने स्वतः जावे, चहा घ्यावा, यंदा बांगडा किती मिळाला याची चौकशी करावी, आणि मगच विषय काढावा. थेट जाळे मागणाऱ्याला ते मिळत नाही.

नाणेफेक आणि वारा

बाहेरच्या संघांना जी गोष्ट माहीत नसते आणि आमच्या पोरांना झोपेत माहीत असते ती म्हणजे वारा. सकाळी जमीन समुद्रापेक्षा थंड असते, म्हणून मतलई वारा पूर्वेकडून हलकाच येतो आणि नऊ-दहाच्या सुमारास पडतो. मग सडा तापतो, आणि बाराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुटतो. आमच्याकडे तो बहुधा वायव्येकडून येतो, दोन-तीनच्या सुमारास सर्वांत जोरात असतो, आणि सूर्य कलला की हळूहळू मंदावतो. नाणेफेक जिंकणाऱ्याला कोणत्या गोलावर चढाई करायची किंवा किक-ऑफ आपण घ्यायचा, यांतले एक निवडता येते. सकाळी काहीही निवडावे. साडेचारच्या सामन्यात मात्र पहिल्या अर्धात दक्षिणेच्या गोलावरच चढाई मागावी. वारा पाठीशी असतो, आणि बाजू बदलून तो समोर येईल तोपर्यंत त्यातला जोर गेलेला असतो. हे गुपित येथे लिहिल्याबद्दल आमच्या कॉलेजची मुले माझ्यावर रागावतील, पण गेल्या वर्षी त्यांनी नाणेफेक जिंकूनही किक-ऑफ घेतला होता, तेव्हा त्यांच्या हातात गुपित ठेवून तरी काय करायचे?

याच वाऱ्यामुळे दुपारनंतर प्रत्येक उंच मारलेला चेंडू माझ्या परसात येतो. त्याविषयी पुढे सांगतो.

गाऱ्हाणे

पहिल्या सामन्याआधी नारळ फोडावा लागतो, आणि नुसता नारळ फोडून भागत नाही. गाऱ्हाणे घालायला खणखणीत आवाजाचा माणूस निवडावा, पण त्याला वेळेची मर्यादा आधीच सांगावी, नाहीतर दोन्ही संघ रांगेत उभे राहून थकतात. आमच्याकडचे आबा हे काम करतात. त्यांचे गेल्या वर्षीचे गाऱ्हाणे साधारण असे होते:

“बा देवा रवळनाथा, आज ह्या सड्यार ही पोरां खेळूक जमली आसत. खयचीय असांदेत, ती तुझीच लेकरां आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या हातापायाक काय लागूक देव नको. बॉल बावीत पडलो तर वर काढूची बुद्धी दी. आणि रेफ्रीच्या डोळ्यांक उजेड दी रे म्हाराजा!”

या शेवटच्या मागणीला सगळ्यांत मोठा ‘व्हय म्हाराजा’ झाला. रेफ्री कोल्हापूरकडचे होते. त्यांनीही हात जोडले आणि तेही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले, त्यामुळे पुढे दोन दिवस त्यांना कोणी फारसे बोलले नाही. बाहेरच्या रेफ्रीला गाऱ्हाण्यात उभे करणे हा त्याच्या सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कडेला उभे राहणाऱ्यांसाठी

सकाळी पूर्वेच्या बाजूला आणि दुपारी पश्चिमेच्या बाजूला बसावे, म्हणजे ऊन पाठीवर राहते. पश्चिमेला काजूची झाडे आहेत, पण त्यांच्या सावलीतल्या जागा शनिवारी सकाळी सातपासून टॉवेल टाकून धरलेल्या असतात आणि एस.टी.तल्या रुमालाप्रमाणेच त्या टॉवेलाला कायद्याचे बळ आहे. गडग्यावर बसू नये. त्याचे दगड नुसते रचलेले असतात, आणि गोल झाला की ज्या जोराने माणसे उठतात त्या जोराने दगडही उठतात.

खेळ कळण्यासाठी एवढेच पुरे की चेंडू आत गेला की गोल. पण ऑफसाइड कळली नाही तर शेजारचा माणूस ती समजावून सांगू लागतो आणि तेवढ्यात दोन गोल होतात, म्हणून ती आधीच समजून घ्यावी. होडी किनाऱ्याला लागण्याआधीच कमरेभर पाण्यात जाऊन पाटी पुढे करून उभी राहणारी एक गिऱ्हाईक-बाई प्रत्येक बंदरावर असते. सगळ्या रांगेच्या पुढे, होडीच्याही पुढे. ऑफसाइडमधला खेळाडू तसा असतो: समोरच्या संघाच्या अर्धात, चेंडूच्याही पुढे आणि विरुद्ध संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे, गोलरेषेकडे. आता लक्षात ठेवण्याच्या गोष्टी दोन. एक, तेथे नुसते उभे राहणे हा अपराध नाही. तेथून त्याने मासळीला हात घातला, म्हणजे चेंडू घेतला किंवा कोणाला अडवले, तरच शिटी वाजते. दुसरी, तो कोठे होता हे आपल्या साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी बघायचे, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा नव्हे. गावात दर वर्षी होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी भांडणे या दुसऱ्या गोष्टीवरून होतात. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसते. हे माहीत असलेला माणूस गर्दीत एकटा पडतो, तेव्हा ते मनातच ठेवावे.

ओरडण्याविषयी समितीची भूमिका अशी आहे की मालवणीत काहीही चालते, कारण पाहुण्यांना ते कळत नाही आणि आमच्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. ‘अरे मेल्या, पाय आसत काय पोफळीचे खुंट?’ हे प्रोत्साहन समजावे. गोव्याच्या बाजूचा संघ असेल तर सावध राहावे. त्यांना सगळे कळते, आणि ते उलट उत्तरही देतात. फुटबॉल त्यांच्या घरातला खेळ असल्याने त्यांच्याबरोबर आलेले एखादे काका १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून सुरुवात करतात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझांनी केलेल्या तीन गोलांचे वर्णन सांगतात आणि भारत त्या वेळी चौथा आला होता येथे येऊन थांबतात. हे सगळे खरे आहे. त्यांना मध्ये तोडू नये. त्यांना चहा द्यावा.

लाउडस्पीकर कोणाच्या हाती द्यावा हा निर्णय रेफ्री निवडण्यापेक्षाही जपून घ्यावा. आमच्या निवेदकाला फुटबॉल कळतो, पण त्याच्याकडे गावातून चिठ्ठ्या येतात आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचणे तो आपले कर्तव्य समजतो. उपान्त्य सामन्यात पेनल्टी घेणारा मुलगा चेंडूपासून चार पावले मागे गेला, सगळे मैदान गप्प झाले, आणि लाउडस्पीकरवरून आवाज आला की खालच्या वाडीतल्या काकींनी ताबडतोब घरी जावे, गॅसवर दूध राहिले आहे. मुलाने चेंडू दांड्यावरून मारला. वाऱ्याने तो माझ्या परसात आला. तेव्हापासून चिठ्ठ्या मध्यंतरातच वाचायच्या असा ठराव आहे. काकींचे दूध मात्र वाचले.

जेवण, आणि फाळका

खेळणाऱ्या मुलांचे खाणे आणि बघणाऱ्यांचे खाणे या दोन वेगळ्या पंगती आहेत, आणि त्या एकत्र झाल्या की घात होतो. सामन्याआधी निदान तीन तास पोटभर जेवण नको. सकाळी लवकर उकड्या तांदळाची पेज, सोबत सुके लोणचे किंवा चटणी, आणि नंतर केळे. यापेक्षा जास्त काही देऊ नये, कितीही माया आली तरी. मी पहिल्या वर्षी माझ्याकडे उतरलेल्या दोन मुलांना साडेसहा वाजता घावणे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे वाढले. त्यांनी नको म्हटले नाही. एकाने अकरा घावणे खाल्ले, मी कौतुकाने मोजले, आणि आठच्या सामन्यात तो बाविसाव्या मिनिटाला मैदानाच्या कडेला बसून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरलेलो नाही. घाम जातो त्याला कोकम सरबत चांगले, मिठासह. कोणाला जुलाब-उलटी झालीच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

बघणाऱ्यांसाठी मात्र खाणे हाच मुख्य कार्यक्रम असतो. शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आहे. तेथे कॉलेजच्या फुटबॉलचे मैदान १,०७,६०१ माणसांचे आहे, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून मोठे, आणि शनिवारी सामन्याआधी माणसे गाड्या लावण्याच्या जागेतच गाडीची मागची बाजू उघडून शेगड्या पेटवतात आणि तेथेच जेवतात. त्याला ते टेलगेट म्हणतात. त्यांचा तो फुटबॉल हाताने पळवायचा असतो. गंमत म्हणजे तिकडच्या कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला तेव्हा चेंडू गोल होता, तो उचलून पळायची परवानगी नव्हती आणि प्रत्येक बाजूला २५ जण होते. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आमच्या वाडीत २५-२५चा खेळ शाळेच्या मधल्या सुट्टीत रोज होतो. मुलाने फोटो पाठवले तेव्हा त्याच्या वडिलांनी ते बघून एवढेच म्हटले, ‘म्हणजे फाळको पाडतत!’ आणि ते बरोबर होते. टेम्पोचा फाळका पाडायचा, त्यावर केळीची पाने पसरायची, हा आमचा जुनाच रिवाज. आंब्याच्या पेट्या भरताना सगळे तसेच जेवतात.

तेव्हा फाळका मांडताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. टेम्पो पश्चिमेच्या बाजूला, तोंड वाऱ्याकडे करून लावावा, म्हणजे मागे आडोसा मिळतो आणि पानात सड्याची लाल भुकटी येत नाही. आणि सोलकढी घरून तयार करून आणू नये. नारळाचे दूध उन्हात तीन-चार तासांत आंबट पडते. दूध बर्फाच्या डब्यात वेगळे, कोकमाचे आगळ बाटलीत वेगळे आणावे आणि पान वाढल्यावर मिसळावे. आगळात मीठ असतेच, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून घालू नये. रविवारी कोंबडी-वडे करणार असाल तर वड्याचे पीठ शनिवारी रात्रीच भिजवावे लागते, आणि शनिवारी रात्री सगळे अंतिम फेरीत कोण येणार याची चर्चा करत बसतात, म्हणून पीठ भिजवण्याची जबाबदारी फुटबॉल न आवडणाऱ्या एका माणसावर सोपवावी. असा माणूस प्रत्येक घरात असतो आणि या दोन दिवसांत त्याच्याइतके मोलाचे कोणी नसते.

चेंडू, विहीर, आणि समुद्र

माझ्या परसातल्या विहिरीला कठडा आहे, जाळी नाही. सामन्याच्या आठवड्यात रापणीच्या उरलेल्या जाळ्याचा तुकडा तोंडावर बांधून टाकावा, हे मला आता कळते. आधी आम्ही चेंडू आंब्याच्या झेल्याने काढायचा प्रयत्न केला. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. आमच्या घरच्या झेल्याचे तोंड त्याहून लहान आहे, त्यामुळे झेल्याने चेंडू फक्त विहीरभर ढकलला गेला आणि काठावर जमलेल्या तीस जणांनी तीस दिशा सांगितल्या. दोरीला बांधलेली रुंद पाटी चेंडूच्या बाजूने पाण्यात बुडवावी आणि सावकाश वर घ्यावी. चेंडू तरंगत असल्याने आपोआप आत येतो. कोणत्याही मुलाला विहिरीत उतरू देऊ नये. खेळासाठी निदान चार चेंडू ठेवावेत, म्हणजे एक विहिरीत असताना घाई होत नाही.

पाहुण्या मुलांना समुद्र दाखवावाच लागतो, आणि रविवारी सकाळी हरलेले चार संघ मोकळेच असतात. वाळूत खेळायचे तर ओहोटीची ओली, घट्ट वाळू हवी. तिची वेळ काढायला मोबाइल लागत नाही: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या सुमारास, ओहोटी पूर्ण. अशा दिवशी मुलांना नऊला किनाऱ्यावर न्यावे. एकादशीला हाच हिशेब सव्वाआठची भरती दाखवतो. त्या दिवशी सकाळी वाळू मिळणारच नाही, दुपारपर्यंत थांबावे. हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण पंगत आणि सामना बसवायला पुरेसा आहे. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढते, म्हणून गुडघ्याच्या पुढे कोणी जायचे नाही, हे किनाऱ्यावरच्याच एखाद्या मच्छीमाराच्या तोंडून सांगावे. क्रीडाशिक्षकाचे ते ऐकत नाहीत, त्याचे ऐकतात.

सोमवारी

उसने आणलेले सगळे सोमवारी सकाळीच परत करावे: मंडपवाल्याच्या खुर्च्या, देवळातली मोठी पातेली, शाळेतल्या सतरंज्या. पातेल्यांवर नावे घातलेली असतात, पण झाकणांवर नसतात; झाकणे कोणत्या पातेल्याची आहेत हे शनिवारीच खडूने लिहून ठेवावे.

जाळे सगळ्यांत आधी द्यावे आणि देताना अध्यक्षाने पुन्हा स्वतः जावे. गेल्या वर्षी मी गेलो. रापणकर तात्या खळ्यात बसले होते. त्यांनी दोन्ही गोलांची जाळी पसरायला लावली, चहा मागवला, आणि बोटांनी चाचपत एकेक फाटलेली जागा मोजली. मग विचारले, “गोल किती झाले?”

मी म्हटले, “सगळे मिळून एकोणीस.”

“आणि भोकां तेवीस,” तात्या म्हणाले. “चार खयसून इली?”

चार भोकांचे पैसे मी दिले.